झेड बोसॉनचे वस्तुमान ९१.१८७६ की ९१.१५३५? अस्थिर कणाच्या वस्तुमानाच्या आणि रुंदीच्या व्याख्येविषयी

प्रश्न थोडक्यात असा आहे. कणांच्या तक्त्यात झेड बोसॉनचे, म्हणजे दुर्बल बल वाहून नेणाऱ्या एका जड कणाचे, वस्तुमान ९१.१८७६ ± ०.००२१ जीईव्ही आणि रुंदी २.४९५२ ± ०.००२३ जीईव्ही अशी वर्षानुवर्षे दिलेली होती (जीईव्ही म्हणजे एक अब्ज इलेक्ट्रॉनव्होल्ट, एमईव्ही त्याचा हजारावा भाग). पण टकरींचे अनुकरण करणाऱ्या एका संगणक-प्रोग्रॅमच्या इनपुट फाइलीत हेच वस्तुमान ९१.१५३५ असे लिहिलेले आढळले. फरक ३४ एमईव्हीचा आहे, म्हणजे छापलेल्या त्रुटीच्या सोळापट. मग यांतली खरी संख्या कोणती? त्याला जोडूनच दुसरी शंका अशी की, जो कण १० च्या उणे २५व्या घाताइतक्या सेकंदांत नाहीसा होतो आणि अनिश्चितता तत्त्वानुसार ज्याच्या ऊर्जेत अडीच जीईव्हीची अनिश्चितता असायला हवी, त्याचे वस्तुमान दोन एमईव्हीपर्यंत अचूक सांगता येतेच कसे?

दुसरी शंका आधी घेतो, कारण ती लवकर सुटते. रुंदी ही वस्तुमानाच्या मोजमापातली त्रुटी नव्हे. ती त्या कणाचा स्वतंत्र गुणधर्म आहे आणि वस्तुमानाइतक्याच काटेकोरपणे मोजता येतो. जिनिव्हाजवळच्या २७ किलोमीटर परिघाच्या 'लेप' या त्वरकात १९८९ ते १९९५ या काळात इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन यांच्या टकरींची ऊर्जा ९१ जीईव्हीच्या अलीकडे-पलीकडे पायरीपायरीने बदलण्यात आली, आणि प्रत्येक ऊर्जेला किती वेळा झेड निर्माण झाला याची चार प्रयोगांनी मोजदाद केली. एकूण सुमारे १ कोटी ७० लाख झेड-क्षयांची नोंद झाली. (या चारांपैकी एल-३ या प्रयोगात मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचा गट सहभागी होता.) एवढी मोजदाद हाती असली, की अडीच जीईव्ही रुंदीच्या उंचवट्याची जागा त्या रुंदीच्या हजाराव्या भागापर्यंत ठरवता येते. यात तात्त्विक अडचण काहीच नाही. अडचण होती ती व्यवहारातली: २.१ एमईव्हीच्या त्रुटीपैकी १.७ एमईव्ही ही एकट्या त्वरकाच्या ऊर्जामापनातून आलेली आहे. चंद्राच्या ओढीने जमीन किंचित फुगते, वर्तुळाचा परीघ मिलिमीटरभर बदलतो आणि तेवढ्याने टकरीची ऊर्जा सुमारे १० एमईव्हीने सरकते. जवळून धावणाऱ्या विजेच्या आगगाड्यांचे जमिनीतून परतणारे प्रवाहसुद्धा चुंबकांच्या क्षेत्रात उमटत असत. हे सारे हिशेबात धरून, दुरुस्त करून ही संख्या आलेली आहे. आणि तरीही तिच्यात ३४ एमईव्हीचा एक फरक निव्वळ व्याख्येमुळे शिल्लक राहतो, ही यातली खरी लक्षात घेण्याजोगी गोष्ट आहे.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. स्थिर कणाचे वस्तुमान म्हणजे काय, याचे उत्तर स्वच्छ आहे. इलेक्ट्रॉन एकटा, कशाशीही टक्कर न होता, कितीही काळ राहू शकतो. त्या अवस्थेची स्थिर चौकटीतली ऊर्जा म्हणजे त्याचे वस्तुमान. विग्नर यांनी १९३९ मध्ये दिलेल्या वर्गीकरणात प्रत्येक कणाला एक वास्तव वस्तुमान आणि एक स्पिन मिळतो, तो याच अर्थाने. अस्थिर कणाच्या बाबतीत हा पायाच निसटतो. झेडची अशी कोणतीही अवस्था नाही की जी ऊर्जेची स्वमूल्य-अवस्था असेल. ९१ जीईव्हीच्या आसपास हॅमिल्टोनियनच्या (ऊर्जेच्या कारकाच्या) वर्णपटात जे आहे ते म्हणजे इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉन, क्वार्क-प्रतिक्वार्क, न्यूट्रिनोंच्या जोड्या वगैरेंचे सलग सातत्य. त्या सातत्यात झेड नावाची वेगळी रेषा कुठेच उमटत नाही. हॅमिल्टोनियन हर्मिटियन असल्यामुळे त्याची स्वमूल्ये वास्तव असतात, आणि क्षय पावणाऱ्या अवस्थेला तर वास्तव ऊर्जा पुरत नाही.

१९२८ साली गॅमो यांनी अल्फा-क्षयाचा उलगडा करताना ऊर्जेला सरळ संमिश्र संख्या मानले: वास्तव भाग म्हणजे ऊर्जा, आणि काल्पनिक भाग म्हणजे उणे अर्धी रुंदी. असे केले की अवस्थेची संभाव्यता काळानुसार घातीय नियमाने घटते आणि रुंदीचा व्यस्तांक म्हणजे सरासरी आयुष्य, हे नाते आपोआप मिळते. पण त्याची किंमत अशी की हे उत्तर अंतरानुसार वाढत जाते आणि म्हणून नेहमीच्या अवस्था-अवकाशात बसत नाही. ही अडचण हातचलाखीने झाकण्यासारखी नाही. तिचे सरळ उत्तर असे, की संमिश्र ऊर्जा ही अवस्थेची नसून अ‍ॅम्प्लिट्यूडची, म्हणजे ज्याच्या वर्गातून संभाव्यता मिळते त्या संमिश्र राशीची, आहे. प्रकीर्णनाचे अ‍ॅम्प्लिट्यूड हे ऊर्जेच्या वर्गाचे वैश्लेषिक फलन असते. वास्तव अक्षावर, जिथून क्षयाची दारे उघडतात तिथून, त्याला एक छेद असतो. मुख्य पृष्ठावर, म्हणजे वास्तव अक्ष सोडून इतरत्र, कार्यकारणभाव आणि हर्मिटियनता यांमुळे कोणताही संमिश्र ध्रुव, म्हणजे फलन जिथे अनंत होते असा बिंदू, असू शकत नाही. पण छेद ओलांडून खालच्या बाजूने दुसऱ्या पृष्ठावर उतरले, की तिथे ध्रुव असू शकतो, आणि अस्थिर कण म्हणजे हा ध्रुव. आपण प्रयोगात वास्तव अक्षावरूनच चालतो. ध्रुव खाली जवळच असेल तर वर उंचवटा दिसतो, लांब असेल तर दिसेलच असे नाही.

वस्तुमान आणि रुंदी ही त्या ध्रुवाच्या जागेची दोन निर्देशके आहेत. ध्रुव एकच असतो. पण त्याची जागा कशी लिहायची याच्या रीती अनेक आहेत आणि उंचवट्याचे शिखर ही तर आणखीच निराळी गोष्ट आहे. पदवीच्या पहिल्या वर्षातला अवमंदित आंदोलक आठवून पाहा. त्याला बाहेरून बल लावले तर विस्थापनाचा परमप्रसर एका वारंवारतेला सर्वाधिक होतो, वेगाचा दुसऱ्या, आणि बल काढून घेतल्यावर तो स्वतःहून हेलकावतो ती वारंवारता तिसरीच असते. तिन्हींतला फरक अवमंदनाच्या वर्गाइतका असतो. 'मग खरी वारंवारता कोणती?' असे तिथे कोणी विचारत नाही, कारण समीकरणाचे संमिश्र मूळ एकच आहे आणि तिन्ही संख्या त्यातूनच निघतात, हे सगळ्यांना दिसत असते.

झेडचा हिशेब नेमका असाच आहे आणि तो पूर्ण करून पाहण्यासारखा आहे. झेड ज्या कणांत क्षय पावतो ते बहुतेक त्याच्या मानाने अगदी हलके असल्यामुळे त्याच्या स्व-ऊर्जेचा (क्वांटम दुरुस्त्यांमुळे वस्तुमानाच्या वर्गात पडणाऱ्या भरीचा) काल्पनिक भाग ऊर्जेच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. म्हणून लेपच्या विश्लेषणात ब्राइट-विग्नर सूत्राचा, म्हणजे उंचवट्याचा आकार देणाऱ्या सूत्राचा, छेद (अपूर्णांकाचा खालचा भाग; आधीचा अक्षावरचा छेद नव्हे) असा घेतला होता: ऊर्जेचा वर्ग, वजा वस्तुमानाचा वर्ग, अधिक काल्पनिक एकक गुणिले ऊर्जेचा वर्ग गुणिले रुंदी भागिले वस्तुमान. ही 'ऊर्जेनुसार बदलती रुंदी'. ९१.१८७६ ही संख्या या सूत्रातली आहे. आता रुंदी भागिले वस्तुमान या गुणोत्तराकडे पाहा: २.४९५२ भागिले ९१.१८७६ म्हणजे ०.०२७३६. वरच्या छेदात ऊर्जेचा वर्ग दोन ठिकाणी आहे. तो एकत्र करून '१ अधिक काल्पनिक एकक गुणिले हे गुणोत्तर' एवढा अवयव बाहेर काढला, की उरलेला छेद स्थिर रुंदीच्या सूत्रासारखाच दिसतो. फक्त त्यातले वस्तुमान आणि रुंदी या दोन्ही संख्या '१ अधिक गुणोत्तराचा वर्ग' याच्या वर्गमुळाने भागल्या जातात. हे वर्गमूळ १.०००३७४ येते. ९१.१८७६ ला त्याने भागा: ९१.१५३५. रुंदीला भागा: २.४९४३. यात कुठलेही सन्निकटीकरण नाही; दोन्ही सूत्रे वास्तव अक्षावर तंतोतंत तोच आलेख देतात. म्हणजे आपल्याला इनपुट फाइलीत दिसलेली संख्या चुकीची नव्हती. तो प्रोग्रॅम स्थिर रुंदीचे सूत्र वापरत होता, आणि त्या सूत्राला हीच संख्या द्यायला हवी. तिथे ९१.१८७६ घातले असते तर मात्र शिखर ३४ एमईव्हीने वर सरकले असते.

शिखर तरी कुठे असते? शुद्ध झेडच्या क्रॉस-सेक्शनचे, म्हणजे झेड निर्माण होण्याच्या शक्यतेच्या मापाचे, शिखर यांपैकी कोणत्याच संख्येवर नसते; ते ९१.१७०५ जीईव्हीच्या आसपास येते. प्रत्यक्ष मोजमापात तर टकरीपूर्वी इलेक्ट्रॉन फोटॉन सोडतात, त्यामुळे शिखर आणखी सुमारे १०० एमईव्हीने वर सरकते आणि उंचीही चतुर्थांशाहून अधिक घटते. या दुरुस्त्या क्वांटम विद्युतगतिकीतून अचूक काढता येतात, म्हणून त्यांची चिंता नसते. पण 'शिखर म्हणजे वस्तुमान' ही शाळकरी व्याख्या किती लंगडी आहे ते यावरून कळते.

ध्रुवाची जागासुद्धा दोन रीतींनी लिहिली जाते. ऊर्जेच्या वर्गाच्या प्रतलात ध्रुवाचा वास्तव भाग हा वस्तुमानाचा वर्ग आणि काल्पनिक भाग हा वस्तुमान गुणिले रुंदी मानली, तर ९१.१५३५ आणि २.४९४३ मिळतात. पण आधी ध्रुवाचे वर्गमूळ काढून त्याचा वास्तव भाग वस्तुमान आणि काल्पनिक भागाची दुप्पट रुंदी मानली, तर ९१.१६२० आणि २.४९४० येतात. माझ्या मते तत्त्वतः ही दुसरी रीत अधिक चांगली आहे, कारण कणाच्या स्थिर चौकटीत काळाबरोबर बदलणारा घातांक वर्गमुळावरून ठरतो आणि आयुष्य म्हणजे रुंदीचा व्यस्तांक हे गॅमोंचे नाते याच रुंदीला काटेकोरपणे लागू पडते. तरीही, तक्त्यातली रूढ संख्या बदलावी असे मला वाटत नाही. तीस वर्षांचे वाङ्मय तिच्यावर उभे आहे, आणि संकेत शेजारी लिहिलेला असेल तर कोणाचेही नुकसान होत नाही.

इथवर कोणी म्हणेल की हा सगळा लिहिण्याच्या सोयीचा प्रश्न आहे. तसा तो १९९१ पर्यंत अनेकांना वाटतही होता. क्षेत्र-सिद्धान्तात वस्तुमानाची प्रचलित व्याख्या अशी होती: प्रोपगेटरच्या, म्हणजे कणाचा एका बिंदूपासून दुसऱ्यापर्यंतचा प्रवास सांगणाऱ्या फलनाच्या, व्यस्ताचा वास्तव भाग जिथे शून्य होतो तिथे वस्तुमान. पहिल्या दुरुस्तीच्या पातळीवर ही व्याख्या उत्तम चालते. मात्र प्रोपगेटर स्वतः मोजता येणारी राशी नाही. तो आपण निवडलेल्या गेजवर, म्हणजे क्षेत्रे लिहिण्याच्या निव्वळ सोयीच्या संकेतावर, अवलंबून असतो. सर्लिन यांनी १९९१ मध्ये दाखवले की पुढच्या पातळीवर, म्हणजे जोडस्थिरांकाच्या चौथ्या घाताच्या पदांत, या व्याख्येने ठरवलेले झेडचे वस्तुमानही गेजवर अवलंबून राहते. याचा अर्थ, दोन माणसांनी दोन गेज निवडून प्रामाणिकपणे हिशेब केला तर त्यांना दोन निरनिराळी वस्तुमाने मिळतील. मोजलेल्या राशीच्या बाबतीत हे खपवून घेता येत नाही. संमिश्र ध्रुवाच्या जागेला हा दोष नाही. स्टुअर्ट यांनीही त्याच वर्षी ध्रुवाभोवती विस्तार करण्याचा मार्ग मांडला. आणि ध्रुवाची जागा गेजवर अवलंबून नसते याची सर्व पातळ्यांवरची सिद्धता गाम्बिनो आणि ग्रासी यांनी २००० साली दिली. ध्रुव हा प्रक्रियेवरही अवलंबून नसतो: झेड इलेक्ट्रॉनांच्या टकरीतून आला काय आणि प्रोटॉनांच्या टकरीतून आला काय, ध्रुव तिथेच असतो, बदलतो तो त्याचा अवशेष, म्हणजे निर्मितीच्या आणि क्षयाच्या जोडण्यांचा गुणाकार.

हीच गेजची भानगड प्रत्यक्ष गणनेतही आडवी येते. प्रोपगेटरमध्ये रुंदी हाताने घुसवली की निरनिराळ्या आकृत्यांमधली नाजूक वजाबाकी बिघडते, आणि काही प्रक्रियांत, विशेषतः इलेक्ट्रॉन अगदी लहान कोनात पुढे निघून जातो तिथे, उत्तर कित्येक पटींनी चुकते. यावर आज सर्रास वापरला जाणारा उपाय म्हणजे संमिश्र-वस्तुमान योजना. तीत वस्तुमानाचा वर्ग जिथे जिथे येतो तिथे तिथे, अगदी झेड आणि फोटॉन यांचे मिश्रण ठरवणाऱ्या दुर्बल मिश्रणकोनाच्या व्याख्येतसुद्धा, ध्रुवाची संमिश्र किंमत घातली जाते. डेनर, डिटमायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये ती मांडली आणि २००५ मध्ये पहिल्या क्वांटम दुरुस्तीपर्यंत नेली. मिश्रणकोन संमिश्र झालेला पाहून पहिल्यांदा दचकायला होते, पण बीजगणितातली गेजची समीकरणे संमिश्र संख्यांनाही तशीच लागू असल्यामुळे सगळे नीट जुळते.

झेडच्या बाबतीत रुंदी वस्तुमानाच्या पावणेतीन टक्के आहे. हॅड्रॉनांकडे, म्हणजे क्वार्कांपासून बनलेल्या कणांकडे, वळले की हे प्रमाण फारच वाढते आणि व्याख्येतला फरक दशांश चिन्हाच्या अलीकडे येतो. पायॉन आणि प्रोटॉन यांच्या प्रकीर्णनात दिसणारा डेल्टा घ्या. त्याच्या नावातच १२३२ आहे, कारण त्या ऊर्जेला, एमईव्हीत, प्रकीर्णनाचा कलाकोन (बाहेर पडणाऱ्या तरंगाच्या कलेत पडणारा फरक) ९० अंशांतून जातो. ब्राइट-विग्नर रुंदी सुमारे ११७. पण ध्रुव आहे १२१० उणे ५० आय या जागी (आय म्हणजे काल्पनिक एकक), म्हणजे वस्तुमान १२१० आणि रुंदी १००. २२ एमईव्हीचा हा फरक मोजमापाच्या त्रुटीतून आलेला नाही. ब्राइट-विग्नर आकारावर पार्श्वभूमीचा आणि क्षयाच्या उंबरठ्याचा परिणाम होतो, ध्रुवावर होत नाही.

सिग्मा, म्हणजे आजचा एफ-शून्य(५००), हा या साऱ्याचा कळस आहे. दोन पायॉनांच्या प्रकीर्णनात त्याचा उंचवटा असा दिसतच नाही. कलाकोन ५०० एमईव्हीवर ९० अंशांच्या जवळपासही नसतो. त्यामुळे हा कण आहे की नाही यावर वर्षानुवर्षे वाद चालला. सत्तरच्या दशकाच्या मध्यानंतर तो तक्त्यांतून गळला आणि १९९६ मध्ये परत आला, तोही ४०० ते १२०० एमईव्ही अशा गमतीदार रुंद पट्ट्यासह. हा वाद मिटला तो ब्राइट-विग्नर सूत्र बाजूला ठेवल्यावर. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत दीर्घकाळ काम केलेले एस. एम. रॉय यांनी १९७१ मध्ये पायॉन-प्रकीर्णनासाठी कार्यकारणभाव आणि सममिती यांवर आधारलेली समीकरणे मांडली होती. ती वापरून कॅप्रिनी, कोलांजेलो आणि लॉयटवायलर यांनी २००६ मध्ये वास्तव अक्षावरून दुसऱ्या पृष्ठावर रीतसर उतरून ध्रुव गाठला: ४४१ उणे २७२ आय एमईव्ही, आणि त्रुटी अवघ्या दहा-पंधरा एमईव्हीच्या घरातल्या. काल्पनिक भागाची दुप्पट ५४४ येते. रुंदी वस्तुमानाहून मोठी. अशा कणाला 'शिखर' विचारण्यात अर्थ नाही, पण त्याचा ध्रुव निःसंदिग्ध आहे. २०१२ मध्ये तक्त्यातला पट्टाही ४०० ते ५५० इतका अरुंद करण्यात आला.

दुसऱ्या टोकाला म्युऑन आहे. त्याचे सरासरी आयुष्य २.१९७ मायक्रोसेकंद, त्यावरून रुंदी येते सुमारे ३ भागिले १० अब्ज इलेक्ट्रॉनव्होल्ट. ती कोणी थेट मोजलेली नाही आणि झेडचे आयुष्य कोणी घड्याळ लावून मोजलेले नाही. दोन्हीकडे एक मोजतात आणि दुसरे काढतात. म्युऑनसाठी वरच्या सगळ्या व्याख्यांतला फरक इतका नगण्य आहे की तो कागदावर मांडण्यातही अर्थ नाही. मात्र काळाच्या बाजूने एक गोष्ट सांगायला हवी. ध्रुव घातीय क्षय देतो, पण संपूर्ण क्षय केवळ ध्रुवातून येत नाही. ऊर्जेला खालची मर्यादा असते, आणि १९५७ मध्ये खाल्फिन यांनी दाखवल्याप्रमाणे एवढ्यावरूनच असे निघते की फार उशिराच्या काळात घट घातीय नियमाहून मंद व्हायलाच हवी. अगदी सुरुवातीच्या क्षणीही घट काळाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. म्हणून 'आयुष्यावरून रुंदीची व्याख्या करावी' हा पर्याय वाटतो तितका निर्मळ नाही.

व्यवहारात कुठे जपायचे, तेही सांगतो. डब्ल्यू बोसॉनसाठी बदलत्या आणि स्थिर रुंदीच्या संकेतांतला फरक २७ एमईव्ही येतो. सीडीएफ गटाने २०२२ मध्ये ८०,४३३.५ ± ९.४ आणि सीएमएस गटाने २०२४ मध्ये ८०,३६०.२ ± ९.९ एमईव्ही अशी मूल्ये दिली. फरक दोन्हींच्या एकत्रित त्रुटीच्या पाचपटीहून अधिक आहे, म्हणून तो संकेताचाच घोळ असेल का, असे मला अनेकांनी विचारले. तसे नाही. दोन्ही मूल्ये बदलत्या रुंदीच्या संकेतातच आहेत, आणि त्यांच्यातले ७३ एमईव्हीचे अंतर संकेताने भरून निघत नाही. हिग्जची अपेक्षित रुंदी सुमारे ४ एमईव्हीच असल्यामुळे तिथे संकेताचा फरक शंभर इलेक्ट्रॉनव्होल्टच्याही खाली जातो आणि विसरून चालते. टॉप क्वार्कचे दुखणे मात्र वेगळे आहे: तो रंगभार वाहतो, त्यामुळे त्याच्या ध्रुवाच्या जागेतच तीव्र बलाच्या स्वाभाविक ऊर्जामानाच्या पातळीची संदिग्धता राहते, आणि गेजच्या कसोटीवर खरा उतरणारा ध्रुवही तिथे अंतिम आसरा देत नाही. म्हणूनच टॉपसाठी कमी अंतरावर बेतलेल्या वस्तुमान-व्याख्या वापरतात. तो विषय इथे उलगडत नाही.

आपल्या फाइलीपुरते सांगायचे तर, तिच्यात झेडची रुंदीही तपासा. वस्तुमान ९१.१५३५ असेल तर तिथे २.४९४३ असायला हवे, २.४९५२ असेल तर कोणीतरी एकच संख्या बदलून दुसरी तशीच ठेवली आहे. आणि डब्ल्यूचे वस्तुमान तिथे ८०.३७९ दिसले तर तेही संकेत न बदलता उचललेले आहे, २.०८५ जीईव्ही रुंदी धरून स्थिर रुंदीच्या सूत्रासाठी ते ८०.३५२ करावे लागेल.